शंभर मीटरच्या आतला वाडा

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या आणि गावोगावी मातीची घरं बसली. ज्या वाड्याबद्दल लिहितोय तिथं नदीचं पाणी आलं नव्हतं. नुसती संततधार होती. एका पहाटे उत्तरेकडची भिंत जवळजवळ पंधरा फूट लांबीत बाहेरच्या बोळात कोसळली. आजी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत झोपल्या होत्या. मांडणीवरची भांडी पडली असं वाटून त्या उठल्या, तर माजघरातून सरळ बोळ दिसत होता.

दुपारपर्यंत मी तिथं पोचलो. बेळगावात मी स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो आणि आजी माझ्या आजोळच्या नात्यातल्या. गावाचं आणि घराण्याचं नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. बेळगावच्या दक्षिणेला जंगलाकडं तोंड करून असलेलं छोटं बाजाराचं गाव, मधोमध कदंबांच्या काळातलं दगडी मंदिर, आणि मंदिराला लागून जुनी पेठ, एवढं पुरे. ज्यांनी देगावचं कमलनारायण मंदिर पाहिलंय त्यांना त्या मंदिराची कल्पना येईल. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे आणि या प्रकरणातली निम्मी गोष्ट त्या यादीमुळेच घडते.

वाडा दीडशे वर्षांच्या आतबाहेरचा. पाच खणांचा सोपा, आत चौक, चौकाभोवती पडव्या, पूर्वेला देवघर, पश्चिमेला माजघर आणि त्यावर अर्धी माडी. मागं गोठा, मग परडं आणि आड. भिंती अडीच फूट जाडीच्या. जमिनीपासून तीन फूट जांभ्या चिऱ्याचं बांधकाम, त्यावर पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा. खांब सागवानी, तुळया बहुतेक ऐनाच्या. छपरावर मंगळुरी कौलं. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि १८८० च्या दशकात आमच्याकडं रेल्वे आल्यावर ही कौलं या भागात घरोघरी चढली. त्याआधी थापीची गावठी कौलं असणार, कारण पश्चिमेच्या पाखीवर वाशांमधलं अंतर अजून त्या जुन्या कौलांच्या हिशोबाचं आहे. घराचं वय मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

माझ्या आधी शेजारचे एक गृहस्थ येऊन सल्ला देऊन गेले होते. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली होती. त्यांचं म्हणणं, "अर्धं पडलंयच, राहिलेलं पण पाडून टाका की. पाच लाख येतील, वर थोडे घाला आणि स्लॅबचं घर बांधा." सल्ल्यात वाईट हेतू नव्हता. गावात चारचौघे हेच बोलत होते. आजींचा थोरला मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, त्यालाही ते पटलं होतं. पहारी घेऊन दोन माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

मी त्या माणसांना परत पाठवलं. आजवरच्या कामात मी घेतलेला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच असेल, आणि त्याला अभियांत्रिकी फारशी लागली नाही. एक कायदा नीट वाचलेला होता, एवढंच.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चारी दिशांना १०० मीटर हे निषिद्ध क्षेत्र, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजायला सुरुवात कळसापासून किंवा गाभाऱ्यापासून करायची नसते, संरक्षित जागेच्या कुंपणापासून करायची असते. गावातले बरेच लोक इथंच चुकतात. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम करता येत नाही. केलंच तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असलेली इमारत असेल तर तिची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, परवानगी घेऊन. आणि आता कळीचा मुद्दा: पुनर्बांधणी, म्हणजे पाडून त्याच मापाचं, त्याच उंचीचं घर पुन्हा उभं करणं, हे दुरुस्तीत धरलेलं नाही. नियंत्रित क्षेत्रात पुनर्बांधणीसाठी अर्ज करता येतो. निषिद्ध क्षेत्रात तो रस्ताच नाही.

म्हणजे वाडा उभा आहे तोवर तो दुरुस्त करता येईल. उद्या पहारीनं खाली बसवला की तिथं पुन्हा कायदेशीर घर उभं राहायचं नाही. पाच लाख येतील आणि जागा मोकळीच राहील. हे मी थोरल्याला कुंपणाजवळ नेऊन, टेप धरून दाखवलं. सोप्याची पायरी कुंपणापासून साधारण साठ मीटरवर आली, गोठ्याची मागची भिंत नव्वदच्या आत. शंभर मीटरची रेघ परड्यातून, आडाच्या थोडी पलीकडून जात होती. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आम्हाला आजवर सगळ्यांनी एवढंच सांगितलं, पुरातत्त्ववाले हात लावू देत नाहीत."

या एका वाक्यानं वाड्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं पावसानं केलं नाही, असं माझं ठाम मत आहे. हात लावायचा नाही या समजुतीनं पंचवीस वर्षं कौलं चाळली गेली नव्हती. गळायला लागलं की घरचे ताडपत्री टाकत, नाहीतर रात्रीतून चोरून सिमेंट मारत. दुरुस्ती चोरूनच करायची असेल तर ती घाईची आणि वाईटच होणार.

त्याच संध्याकाळी आम्ही टेकू लावले. माजघरावरच्या दोन तुळया भिंतीत टेकलेल्या होत्या, भिंत गेल्यावर त्यांची टोकं हवेत होती. खाली फळ्या अंथरून त्यावर बल्ल्या उभ्या केल्या, पाचरी मारल्या. पडलेल्या भागावर ताडपत्री. आजींचं अंथरूण देवघराच्या बाजूला हलवलं. त्या बेळगावला मुलाकडं जायला तयार नव्हत्या. "दिवा कोण लावणार?" एवढं एकच त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

भिंत का पडली हे शोधायला मला दोन दिवस लागले. पाऊस हे शेवटचं निमित्त होतं. बोळातला रस्ता तीनदा काँक्रीटचा झाला होता, आणि दर वेळी जुना न उकरता त्यावरच नवा थर टाकला होता. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा उत्तरेच्या दाराला बोळातून दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता दार रस्त्याच्या पातळीला होतं. जांभ्याचं तीन फुटांचं जोतं निम्म्याहून जास्त रस्त्याखाली गेलेलं, आणि पावसाचं पाणी मातीच्या भेंड्यांशी खेळायला लागलेलं. त्यावर कहर म्हणजे दहाबारा वर्षांपूर्वी आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. मातीच्या भिंतीत ओल जातेच, पण ती बाहेरही पडते, भिंत श्वास घेते म्हणा ना. सिमेंटनं ती वाट बंद केली. ओल आतच मुरली, भेंड्यांचा चिखल झाला, आणि गिलाव्याचं कवच मात्र शेवटपर्यंत गुळगुळीत दिसत राहिलं. पडलेल्या ढिगात मी हात घातला तेव्हा आतली माती लोण्यासारखी होती. वर वाळवी तुळईच्या टोकात गेलेली, तीही त्या ओलीच्याच वाटेनं.

दुरुस्ती तिथल्या तिथं सुरू करता आली असती तर ही हकीकत दोन पानांत संपली असती. ती रखडली कागदांपायी आणि घरच्यांपायी.

घर आजींच्या सासऱ्यांच्या नावावर होतं. त्यांचे दोन मुलगे. थोरले म्हणजे आजींचे यजमान, ते वारलेले. धाकटे पुण्यात. आणि एक मुलगी, कोल्हापुरात दिलेली. सगळे त्यांना आक्का म्हणतात. वाटणी कधी झालीच नव्हती. अर्जाला मालकांच्या सह्या हव्या होत्या. आक्का म्हणाल्या, सही देते, पण आधी उताऱ्यावर माझं नाव चढवा. पुण्याचे काका म्हणाले, तुझं लग्न १९८० च्या आधीचं, तुला हक्क नाही. त्यांच्या बोलण्याला आधार होता: कर्नाटकानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती केली तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. पण २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली होती आणि तिच्या अर्थावरून कोर्टांचे वेगवेगळे निकाल होते. त्या वादात २०१९ चा अख्खा हिवाळा गेला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. २०२० चा पावसाळा वाड्यानं टेकूवर काढला.

११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. काकांनी पुण्याहून फोन करून आक्कांना सांगितलं, "तुझंच बरोबर होतं." मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. दिवाळीला तिघं वाड्यात जमले, टेकूंच्या मधून वाट काढत ओवाळणी झाली, आणि पाडव्याच्या दिवशी सह्या झाल्या.

आता पुरावा. १६ जून १९९२ च्या आधी घर उभं होतं हे दाखवायचं. दीडशे वर्षांच्या घराला हे दाखवायला काय अवघड, असं वाटेल. आजींनी देवघराच्या फडताळातून एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा काढला. सगळ्यात खाली मोडीतले कागद, त्यावर बालबोध मराठीतल्या घरफाळ्याच्या पावत्या, मग मुंबई इलाख्याच्या काळातला इंग्रजी भूमापनाचा उतारा, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं सगळं कन्नडमध्ये. घर तिथंच राहिलं, राज्य बदललं, त्याची नोंद त्या रुमालात थरांनी होती. मोडीतला एक कर्जरोखा आम्ही कोल्हापुरात वाचून घेतला. त्यात वाड्याच्या चतुःसीमा दिल्या होत्या आणि पूर्वेला "देवाची वाट" लिहिली होती. ती वाट आजही आहे. मला त्या ओळीनं फार आनंद झाला, पण अर्जाला तिचा उपयोग थोडाच होता. कामाला आल्या त्या १९८० च्या दशकातल्या कन्नड घरफाळ्याच्या पावत्या, जुनी विजेची बिलं, आणि चौकात काढलेला आक्कांच्या लग्नाचा फोटो. त्यात खांब, पडवी आणि माडीचा कठडा स्पष्ट दिसतो. असे फोटो ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते जपावेत. घराची त्याहून खरी साक्ष सापडत नाही.

अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडं जातो. त्यानं तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत कळवायचं, आणि त्यानंतर महिन्याभरात परवानगी किंवा नकार यायचा. कायद्यातला हा हिशोब साडेतीन महिन्यांचा. आमच्या भागात जूनमध्ये पाऊस लागतो, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास अर्ज गेला तर उन्हाळ्यात हाताशी कामाचे दिवस उरतात. आमचा डिसेंबरात गेला. मध्ये एकदा नकाशा परत आला, कारण मी दुरुस्तीच्या नकाशात एक नवं न्हाणीघर दाखवलं होतं.

ती चूक माझी होती आणि त्याबद्दल लिहायलाच हवं. आजींना रात्री परड्यात जावं लागायचं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पावसात, कंदील घेऊन. म्हणून मी चौकाच्या कोपऱ्याबाहेर सहा बाय आठची छोटी खोली काढली. घराच्या बाह्यरेषेबाहेर गेलेली सहा फुटांची भिंतसुद्धा नवं बांधकामच ठरते. परत आलेला नकाशा घेऊन मी वाड्यात दिवसभर बसलो. शेवटी आजींनीच गोठ्याकडं बोट केलं. गोठ्यात वीस वर्षं जनावर नव्हतं. त्याचा एक खण सोप्यापासून छपराखालूनच गाठता येत होता. संडास-न्हाणीघर तिथं बसलं, बाहेरची एकही रेघ हलली नाही. जुन्या घरात नव्या गरजेची जागा आधी आत शोधायची, हे मला तिथं कळलं, आणि आता मी नकाशाची सुरुवातच तिथून करतो.

परवानगी आली तेव्हा एप्रिल २०२१ होता, आणि दुसरा लॉकडाऊन. दुसरा पावसाळाही टेकूवर. त्या जुलैत पुन्हा महापूर आला. मी रोज सकाळी फोन करायचो. आजी म्हणायच्या, "हाय हाय, उभा हाय." घराबद्दल सांगतायत की स्वतःबद्दल, मला कळायचं नाही.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. मेस्त्री कित्तूरकडचे, कन्नड बोलणारे, सुतार गावातलेच मराठी. हंचु म्हणजे कौल, सुण्ण म्हणजे चुना, मण्णु म्हणजे माती, एवढ्या शब्दांवर आठवड्याभरात सगळ्यांचं जुळलं. क्रम मी आधीच ठरवला होता: आधी छप्पर, मग पाणी, मग भिंत, गिलावा शेवटी. लोक उलट करतात, कारण गिलावा दिसतो.

छपरावर निम्मा खर्च झाला. कौलं एकेक उतरवून टिचकी मारून वाजवली. खणखणीत वाजली ती ठेवली, बद्द वाजली ती बाजूला. तीन चतुर्थांश परत चढली. उरलेल्यांसाठी जुन्या मापाची कौलं पडक्या घरांतून गोळा केली, काही खानापूरकडून आणली. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली, केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथंच आहे. तुळया बदलल्या नाहीत. कुजलेली दोन-दोन फुटांची टोकं कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा सांधा दिला, आणि टोक पुन्हा मातीत न गाडता जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवलं, भोवती हवा खेळेल अशी फट ठेवून. सुताराला हे आवडलं नाही, त्याला अख्खी तुळई बदलायची होती. मी हट्ट धरला. दीडशे वर्षं वाळलेला ऐन आज कुठल्या वखारीत मिळणार?

पाण्यासाठी बोळाच्या कडेनं जोत्यालगत चर हवी होती. रस्ता सार्वजनिक, म्हणजे पुन्हा वेगळी परवानगी. ती मिळाली नाही. म्हणून वाड्याच्या बाजूनं, आत, जमिनीखाली दगडगोट्यांची चर भरली आणि तिचं पाणी परड्यात काढलं. अर्धा उपाय आहे हे मला माहीत होतं.

भिंतीत पडलेलीच माती वापरली. चाळली, भिजवली, भाताचं तूस घातलं, आठ दिवस पायांनी तुडवली, भेंडे पाडून वाळवले. खालचं जोतं जांभ्याचंच, पण यावेळी रस्त्याच्या आजच्या पातळीवर दोन फूट येईल इतकं वर घेतलं. भिंतीची लांबी, जाडी, उंची तीच. बाकीच्या भिंतींवरचं सिमेंट छिन्नीनं उतरवलं. सगळ्यात कंटाळवाणं काम हे, आणि ते करताना भिंतीतून जो दमट वास सुटला तो अजून आठवतो. मग चुन्याचा गिलावा. चुना महिनाभर भिजत ठेवला होता. तरुण गवंड्यांना त्याचा धीर नव्हता. सिमेंट रात्रीत धरतं, चुना हवेतून हळूहळू धरतो, त्याला गोणपाटानं झाकून रोज पाणी मारावं लागतं. शेवटी साठीतले एक मेस्त्री पुढं आले, वडिलांबरोबर लहानपणी चुन्याच्या घाणीवर काम केलेले. त्यांनी पाण्यात गूळ आणि हिरडा घालायला सांगितलं. हे काम पुढं शिकवायला आपल्याकडं कुणी शिल्लक नाही, असं ते दर दोन दिवसांनी म्हणत. मी आता माझ्या प्रत्येक कामावर दोन पोरं त्यांच्या हाताखाली देतो.

कायद्याबद्दल माझी एक तक्रार आहे. तो मंदिर जपतो आणि ते जपलंच पाहिजे. पण त्याच्या लेखी वाडा म्हणजे शंभर मीटरच्या आत असलेलं एक बांधकाम, बाकी काही नाही. त्यातले खांब, चौक, कौलांखालचे ते जुने वासे कुठल्याच नोंदीत नाहीत. मुंबईत १९९५ पासून खाजगी घरंसुद्धा वारसा म्हणून श्रेणीवार नोंदली जातात. आमच्या पेठेत असं एकही घर नोंदलेलं नाही. मालकाला बंधन सांगितलं जातं, पण दुरुस्तीला रुपया मिळत नाही की चुन्याचा मेस्त्री कुठं भेटेल हे कुणी सांगत नाही. मंदिराभोवतीची पेठ गेली तर ते मंदिर मोकळ्या मैदानात उभं राहील. ज्या गावानं ते शतकानुशतकं वापरलं, ते गाव त्याच्या भोवती नसेल. शेजारच्या आळीत अशी चार घरं मी मोजलीत, सगळ्यांवर ताडपत्री आहे. त्यातल्या दोघांचे कागद आता आम्ही लावतोय.

वाडा मे २०२२ मध्ये टेकूंवरून मोकळा झाला. उताऱ्यावर तीन शाखांची नावं चढली. थोरल्यानं आडापलीकडं, शंभर मीटरच्या रेघेबाहेर, दोन खोल्यांसाठी नियंत्रित क्षेत्रातला वेगळा अर्ज केलाय, त्याच्या मुलाचं लग्न ठरतंय म्हणून. त्याच्या नकाशात मी उंची सोप्याच्या आढ्याखाली ठेवलीय.

उत्तरेच्या भिंतीला जोत्याच्या वर वीतभर ओलीची रेघ अजून येते, श्रावणात उमटते आणि माघात वाळते. बोळातली चर झाल्याशिवाय ती जायची नाही. आजींनी त्या रेघेच्या वर कोळशानं एक खूण केलीय. ओल तिच्यापर्यंत चढली की मला फोन करायचा असं ठरलंय. अजून आलेला नाही.